रात्र हॉटेलची, दिवस कुणाचा?

जोडून सुट्ट्या आल्या की पसरणी घाटात गाड्या अडकतात, आणि गाड्या अडकल्या की साताऱ्यात वाद सुरू होतो. वाईपासून पाचगणीच्या वेशीपर्यंत लागलेल्या रांगेचे फोटो मोबाईलवर फिरतात. एक बाजू म्हणते, पुण्या-मुंबईच्या लोकांना शिस्त नाही, बाहेरच्या गाड्यांवर बंदी घाला. दुसरी म्हणते, पर्यटकावर आमची चूल पेटते, गर्दीला नावं ठेवणारे विकासाच्या मुळावर उठले आहेत. आठवड्याभरात दोन्ही बाजू दमतात आणि पुढच्या सुट्टीपर्यंत गप्प होतात. कित्येक वर्षं हे ऐकतो आहे. दोन्हीकडच्या बोलण्यात फक्त पर्यटक असतो. तो ज्या खोलीत रात्री झोपणार, ती खोली कुणी, कुठे आणि कशाच्या भरवशावर बांधली, हे कुणीच विचारत नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, कास, बामणोली, तापोळा या सगळ्या पट्ट्यात राहण्याची सोय वर्षागणिक वाढत गेली. पाहण्याची, फिरण्याची आणि पाण्याची सोय मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली. हॉटेलवाला पाहुण्याला रात्र विकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तो पाहुणा कुठे असेल, कोणत्या रस्त्याने जाईल, गाडी कुठे लावेल, कुणाच्या वाट्याचं पाणी वापरेल, हे त्या विक्रीत कुठेच धरलेलं नसतं. त्याचा दिवस सगळ्यांच्या मालकीच्या घाटावर, सड्यावर आणि तलावावर येऊन पडतो. खोल्यांची परवानगी या दिवसाच्या हिशेबाला बांधली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं होत नाही तोवर पर्यटकाला शिस्त लावून काही सुटणार नाही आणि त्याच्यासाठी घाट रुंद करूनही सुटणार नाही.

महाबळेश्वरात आपण पाहतो काय, याचा जरा विचार करा. जनरल लॉडविक १८२४ मध्ये या डोंगरावर चढला. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून इथे वसाहत उभारली. तिचं नाव माल्कमपेठ. नाकेखिंडीचा केट्स पॉइंट झाला, तो माल्कमच्या मुलीच्या नावाने. वेण्णा तलाव १८४२ मधला, तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतला. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, बॉम्बे पॉइंट ही सगळी नावं त्याच शतकातली. आजही टॅक्सी ठरवायला गेलात तर महाबळेश्वर दर्शन, पाचगणी दर्शन आणि प्रतापगड दर्शन हीच दर्शनं आधी पुढे येतात. म्हणजे साहेबाच्या काळात मूठभर कुटुंबांसाठी आखलेली यादी आपण लाखोंच्या हातात देतो आहोत. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर गावाची लोकसंख्या साधारण १३ हजार होती. ज्या वेण्णा तलावात पाहुणे नावेतून फिरतात, त्याच तलावाचं पाणी महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन्ही गावं पितात. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात मे महिन्यात वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात, कारण जांभ्याचा हा डोंगर पाणी धरून ठेवत नाही. त्याच मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात.

हा प्रश्न नीट कळायला मला एका परक्या उदाहरणाची मदत झाली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा तोडून सुमारे १६० एकरांवर १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झालं. उद्यान उभारण्यातच पैसे संपल्यामुळे कुंपणाबाहेरची जमीन घेता आली नाही. बघता बघता कुंपणाला खेटून मोटेल उभी राहिली. वॉल्ट डिस्नेला ते कायम सलत राहिलं. लोकांना तिथवर आणणारी गोष्ट त्याने उभी केली आणि त्या लोकांच्या रात्री दुसऱ्यांनीच विकल्या. म्हणून पुढच्या खेपेस फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन गोळा केली. तो १९६६ मध्ये गेला. ते उद्यान १९७१ मध्ये उघडलं, आणि त्या दिवशी तिथे एक उद्यान आणि त्याच मालकाची दोन हॉटेलं होती. खोली आणि खेळ एकाच वहीत लिहिले गेले.

पण तीही वही पुढे बिघडली. तिथे दुसरं उद्यान १९८२ मध्ये आलं, तिसरं १९८९ मध्ये, चौथं १९९८ मध्ये. त्यानंतर पाचवं झालेलं नाही. जुन्याच उद्यानांत भर पडत राहिली आणि हॉटेलं मात्र वाढत गेली. १९९९ मध्ये रांग टाळण्यासाठी चिठ्ठी देण्याची सोय सुरू झाली, ती फुकट होती. २०२१ पासून रांग टाळायची तर वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणजे जागा कमी पडली तेव्हा ताटकळत उभं न राहण्याचा हक्कच विकायला निघाला. एकच मालक, अफाट जमीन, प्रत्येक माणसाची मोजदाद, आणि जागा भरली की फाटक बंद करण्याची मुभा, एवढं सगळं हाताशी असूनही तिथे तोल गेला. आपल्याकडे शेकडो मालक आहेत, फाटक नाही आणि वहीही नाही. तिथे निदान नवा पाळणा उभारता येतो. दुसरी आर्थर सीट कोण उभारणार?

आता समोरच्या बाजूचं बोलणं, आणि त्यातलं सगळ्यात वजनदार आधी. माझं आजोळ जावळीतलं. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलो की घरोघरी म्हातारी माणसं, बायका आणि पोरं असायची. कर्ते पुरुष मुंबईच्या बाजारात, पाठीवर पोती. जावळी-पाटणच्या डोंगरातून किती पिढ्या माथाडी म्हणून गेल्या हे कुणाला सांगायला नको. खालच्या खोऱ्यांतली गावं कोयनेच्या पाण्याखाली गेली. त्यानंतर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि स्वतःच्या गुंठ्यावर स्वतःचं घर वाढवतानाही माणसाला कागदांमागे धावावं लागलं. अशा माणसाने दोन खोल्या काढल्या, पोरगं मुंबईहून परत आणलं आणि पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घातली, तर त्याला ‘खोल्या वाढवू नका’ असं सांगायचा अधिकार मला आहे का? नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. डोंगर राखायची किंमत डोंगरातल्या माणसानेच मोजायची, हा अन्याय आहे आणि तो पुष्कळ वर्षं झाला आहे.

पण त्या दोन खोल्यांचं काय होतं, तेही बघा. शेजारी शंभर खोल्यांचं रिसॉर्ट आलं की आधी भाव पडतो तो त्या दोन खोल्यांचा. सिझनमध्ये उरलासुरला पाहुणा मिळतो, सिझन संपला की तोही नाही. शिवाय या तालुक्यातली बहुतेक माणसं रात्रीवर कमावत नाहीत, दिवसावर कमावतात. घोडेवाला, नाववाला, कणसं भाजणारी बाई, स्ट्रॉबेरीची पाटी घेऊन रस्त्याकडेला बसलेला शेतकरी, टॅक्सीवाला, हे सगळे दिवसाचे लोक. टॅक्सीवाल्याचं दर्शन ठरलेल्या दरात होतं. गाडी दोन तास अडकली तर दुपारची दुसरी फेरी गेली. बिल मात्र हॉटेलात आधीच भरलेलं असतं, तिथे एक रुपयाही कमी होत नाही. कोंडीत नुकसान होतं ते त्यांचंच, ज्यांच्या नावाने खोल्या वाढवण्याची मागणी केली जाते. रोजगाराचा मुद्दा खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो दिवसाचा हिशेब मागतो.

दुसरा आक्षेप मला आतून लागतो. महाबळेश्वर आधी साहेबाचं होतं, मग मुंबईच्या बंगलेवाल्यांचं झालं. आता कुठे कोरेगावचा शिक्षक, इस्लामपूरचा दुकानदार आणि कराडची नर्स पोरांना घेऊन तिथे पोचायला लागले, आणि नेमकी आत्ताच गर्दीची ओरड सुरू झाली. मर्यादा घालणं म्हणजे पुन्हा श्रीमंतांसाठी जागा मोकळी करणं, असं कुणी म्हटलं तर ते सहज उडवून लावता येणार नाही. प्रवेशाचे दर वाढवून गर्दी कमी करायची असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण खोल्यांवर मर्यादा आणि माणसांवर मर्यादा या दोन गोष्टी एक नाहीत. सांगलीहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या कुटुंबाला खोली नकोच असते. त्याला फक्त दिवस हवा असतो. तो दिवस घाटातच संपतो, आणि चार वाजता वेण्णा तलाव लांबून बघून ते परतीच्या गाडीची वेळ गाठायला पळतात. त्यांचा दिवस कुणी खाल्ला?

तमिळनाडूत उटी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ई-पास सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात उटीला रोजच्या दिवशी ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार, तर कोडाईकनालला ४ हजार आणि ६ हजार गाड्या अशी मर्यादा घातली गेली. मोजल्या गेल्या त्या गाड्या. सरकारी बसने येणाऱ्याला पासची गरज ठेवली नाही. बसने येणारा आधी आणि एकट्याची मोटार नंतर, हा क्रम मला न्यायाचा वाटतो. तिथल्या हॉटेलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला, पण निदान आकडा जाहीर झाला आणि भांडण आकड्यावर आलं. आपल्याकडे अजून आकडाच नाही.

तिसरं म्हणणं उत्साही मंडळींचं: जागा कमी पडतात तर नव्या करा. काचेचे पूल करा, रोपवे करा, झिपलाइन टाका. यातलं अर्धं मला पटतं. ४ मे २०१७ रोजी भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरीच्या या गावात लोकांनी आपल्या घरांच्या पडव्या आणि खोल्या पुस्तकांसाठी उघड्या केल्या, आणि पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून नुसत्या पुढे निघून जाणाऱ्या माणसाला उतरण्याचं कारण मिळालं. २०२२ मध्ये मांघर हे मधाचं गाव झालं. तिथे मधमाशांच्या पेट्या आहेत आणि त्यामागे जपलेलं जंगल आहे. या दोन्ही गावांनी पाहुण्याला दिवस दिला, आणि तो देताना डोंगर फोडला नाही. काचेच्या पुलाचं तसं होत नाही. तो जुन्या पॉइंटवरची गर्दी वाटून घेत नाही, स्वतःची नवी गर्दी त्याच पसरणी घाटातून वर ओढून आणतो. नव्या ठिकाणाला मी एवढंच विचारीन: तू आलेल्या माणसाला थांबवणार आहेस, की न आलेल्याला बोलावणार आहेस?

मोजणं शक्य आहे का, ही शंका साताऱ्यात तरी कुणी काढू नये. २५ किलोमीटरवर कास आहे. साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती असलेलं हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेरडा, सीतेची आसवं आणि गेंद बघायला एवढी माणसं आली की फुलं पायदळी जाऊ लागली. मग वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या एकत्र आल्या, ऑनलाइन नोंदणी झाली आणि दिवसाला ३ हजारांची मर्यादा ठरली. ती दर रविवारी काटेकोर पाळली जाते असं मी म्हणणार नाही. कुंपणामुळे गुरांची चराई थांबली आणि त्याचा फुलांवरच परिणाम झाला, असाही वाद झाला. पण चुकत-सुधारत का होईना, गावातली पोरं फाटकावर उभी राहून माणसं मोजतात आणि त्या पैशातून त्यांना काम मिळतं. आता यवतेश्वरपासून कासपर्यंतचा रस्ता बघा. पठारावर माणसं मोजायची आणि पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खोल्या न मोजता बांधू द्यायच्या, हे किती दिवस चालेल? मुक्कामी आलेला पाहुणा नोंदणी नसली तरी फाटकाशी येतोच, आणि ‘आम्ही इतक्या लांबून येऊन राहिलोय’ म्हणून तिथल्या पोराशी हुज्जत घालतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला रात्र विकताना, दिवस शिल्लक नाही हे कुणी सांगितलेलंच नसतं.

गर्दीचीच भीती वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. माल्कम वर डोंगरात पेठ वसवत होता, साधारण त्याच काळात सातारा तालुक्यातल्या आरफळचे हैबतबाबा आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवत होते. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मुक्काम, पुरवठा आणि चालीचा क्रम हे त्यांना ठाऊक होतं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा तंबू, स्वयंपाक आणि पाण्याचा टँकर. लाखोंचा हा मेळा आजही लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा जिल्ह्यातून जातो, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, आणि दिवसाची चाल व रात्रीचा मुक्काम एकाच नियोजनात असतात. कुणी म्हणेल, ती भक्ती आहे, तिथे माणूस गैरसोय सोसतो. खरं आहे. पण भक्ती मांढरदेवीलाही होतीच. २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, तिथे जवळपास ३०० माणसं चेंगरून आणि भाजून गेली. चढाची अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडी झालेली जागा, दोन्ही बाजूंना दाटलेली दुकानं. यात्रा वाढली तशी विकायची जागा वाढत गेली, चालायची जागा तेवढीच राहिली. वाईच्या आसपासच्या माणसाला तो दिवस आठवला की आजही बोलवत नाही. माणसं दोन्हीकडे श्रद्धेचीच होती, मग फरक कशाचा होता?

हे सगळं आज बोलणं भाग आहे, कारण ‘नवीन महाबळेश्वर’ या सरकारच्या नियोजित गिरिस्थान प्रकल्पाचा आराखडा समोर आहे. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं, सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर. फ्लोरिडातल्या त्या २७ हजार एकरांच्या दहापट. जुन्या महाबळेश्वरावरचा भार यामुळे कमी होईल, असं समर्थक सांगतात, आणि कोयनाकाठच्या गावांना रस्ते, दवाखाने आणि काम मिळायला हवं हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. पण भार कमी होण्याचं काय? आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो तेच मुळात एकदा ‘नवं’ होतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री जिथे उगम पावतात ते क्षेत्र महाबळेश्वर जुनं, आणि माल्कमची पेठ नवी. नव्याने जुन्याची गर्दी घेतली नाही, आपली वेगळी आणली. नवीन महाबळेश्वरला जाणाऱ्या बऱ्याचशा मोटारी पसरणी घाटानेच चढणार, नाहीतर साताऱ्याहून कास-बामणोलीच्या रस्त्याने. मुळशीच्या डोंगरात लवासाने आधी घरं बांधली आणि माणसांनी तिथे यायचं कशासाठी हे नंतर ठरवायचं ठेवलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं. आणि हा डोंगर किती भार घेतो हे जुलै २०२१ मध्ये आपण पाहिलं. महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाट खचला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींखाली माणसं गेली.

माझी मागणी छोटी आहे आणि ती अमलात आणता येण्यासारखी आहे. बिगरशेतीचा आणि हॉटेलच्या खोल्यांचा कोणताही प्रस्ताव आला, की सातबारा आणि नकाशाबरोबर त्यात आणखी एक कागद लागावा. या खोल्यांतले पाहुणे सकाळी अकरा वाजता कुठे असतील, तिथे आज किती माणसं असतात, तिथवर कोणत्या रस्त्याने जातील, गाडी कुठे उभी राहील, आणि मे महिन्यात त्यांचं पाणी कुठून येईल, हे त्यावर लिहिलेलं असावं. स्थानिक माणसाच्या घरातल्या चार खोल्यांना यातून सूट द्यावी, किंवा गावाने मिळून एकच कागद द्यावा. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. वेण्णा तलावाचं नाव त्यावर आलं, तर त्या तलावावर आधीच किती नावं लागली आहेत हे ग्रामसभेत बसलेल्या बाईला विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत सही होता कामा नये.